टीआरपी वाढला म्हणजे मालिका चांगली झाली का?

दर गुरुवारी टीव्हीचे साप्ताहिक आकडे येतात आणि मनोरंजनाच्या बातम्या त्यांनीच भरून जातात. अमुक मालिकेनं पहिला नंबर राखला, तमुकची घसरण, नव्या मालिकेची दमदार एन्ट्री. ते वाचून घरोघरी दोन सूर निघतात. "एवढी रटाळ मालिका पहिली येतेच कशी?" हा एक. "लोक बघतात म्हणूनच येते ना?" हा दुसरा. भांडण एकाच गोष्टीवरून चाललंय असं वाटतं, पण पहिला माणूस दर्जाबद्दल बोलतोय आणि दुसरा बघणाऱ्यांच्या संख्येबद्दल. आणखी एक तिसरी गोष्ट असते, ती म्हणजे कार्यक्रमाचा बघणाऱ्याच्या आयुष्यावर होणारा परिणाम. ती या वादात सहसा फिरकतच नाही. या तिन्हींची गल्लत झाली की टीव्हीवरची कुठलीही चर्चा गोल गोल फिरत राहते.

आकडा येतो कुठून

भारतात कोण किती वेळ काय बघतं हे मोजण्याचं काम 'बार्क' करते. ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल हे तिचं पूर्ण नाव. तिचे आकडे २०१५ पासून येऊ लागले; त्याआधी हे काम 'टॅम' नावाची कंपनी करायची. बार्कची मालकी वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था या तिघांच्या संघटनांकडे आहे. मालकांच्या या यादीत प्रेक्षक कुठेच नाही, हे आत्ताच ध्यानात घेतलेलं बरं.

देशभरातल्या पन्नास हजारांहून जास्त घरांत टीव्हीला मीटर जोडलेलं आहे. वाहिन्या आपल्या कार्यक्रमाच्या आवाजात एक सूक्ष्म खूण मिसळतात. माणसाच्या कानाला ती ऐकू येत नाही, मीटरला येते. त्यावरून टीव्हीवर त्या क्षणी कुठली वाहिनी लागली आहे ते कळतं. पण टीव्हीसमोर कोण बसलंय ते मीटरला कसं कळणार? त्यासाठी घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर एक बटण दिलेलं असतं. आजी येऊन बसल्या की त्यांनी आपलं बटण दाबायचं, उठल्या की पुन्हा दाबायचं. दाबायला विसरल्या तर त्या दिवशी आजींनी मालिका बघितलीच नाही अशी नोंद होते. आणि बटण दाबून तिथेच डुलकी लागली, तर त्यांनी पूर्ण भाग बघितला.

टीआरपी, म्हणजे टेलिव्हिजन रेटिंग पॉइंट, यातूनच निघतो. एखाद्या गटातले सरासरी किती टक्के लोक दर मिनिटाला तो कार्यक्रम बघत होते, हे तो सांगतो. या व्याख्येतला 'दर मिनिटाला' हा भाग फार महत्त्वाचा आहे. समजा गटात शंभर माणसं आहेत आणि कार्यक्रम तीस मिनिटांचा. पहिल्या कार्यक्रमाला दहा माणसं मिळाली, पण ती पूर्ण तीस मिनिटं खिळून बसली. दुसऱ्याला तीस माणसं मिळाली. प्रत्येकानं दहा मिनिटं बघितलं आणि पुढे सरकला. दोन्हीकडे बघितलेली एकूण मिनिटं तीनशे. म्हणून दोन्हींचा टीआरपी दहा. एका कार्यक्रमाला दहा भक्त आहेत, दुसऱ्याला तीस वाटसरू, आणि गुरुवारच्या यादीत ते शेजारी शेजारी बसतात.

"आमच्या घरी कधी कुणी विचारायला आलं नाही"

ही शंका जवळपास प्रत्येकाला येते. बार्कच्याच २०२० च्या अंदाजानुसार देशात २१ कोटी घरांत टीव्ही होता. त्यातल्या पन्नास-पंचावन्न हजार घरांवरून सगळ्या देशाची आवड कशी कळणार? घरांची संख्या ऐकून हसू येतं, पण गणिताच्या बाजूनं ही शंका टिकत नाही. शितावरून भाताची परीक्षा करताना पातेलं लहान की मोठं हे बघावं लागत नाही. भात नीट ढवळलेला असला आणि शितं वरून, मधून, तळातून घेतलेली असली की झालं. गाव-शहर, भाषा, उत्पन्न, शिक्षण असं सगळं बघून घरं निवडली तर देशपातळीचा अंदाज बऱ्यापैकी विश्वासार्ह येतो.

अडचण येते ती आकडे बारीक कापायला लागल्यावर. देशातून एक राज्य घेतलं, त्यातून शहरं, त्यातून विशिष्ट वयाच्या स्त्रिया, की हातात उरणारी माणसं झपाट्यानं कमी होतात. समजा चार हजार माणसांच्या नमुन्यात एखाद्या मालिकेला ५ रेटिंग मिळालं. संख्याशास्त्राच्या साध्या हिशेबानं खरा आकडा ४.३ ते ५.७ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. एकाच घरातली माणसं एकत्र बसून बघतात, त्यामुळे प्रत्यक्षात ही फट आणखी रुंद असते. आता ५.१ वाली मालिका पहिली आणि ४.९ वाली दुसरी असा गुरुवारी जो जल्लोष होतो, त्याला किती अर्थ आहे? पुढच्या आठवड्यात त्यांची अदलाबदल झाली तर कथेत काय बदललं ते शोधत बसू नये. बहुतेक वेळा काहीच बदललेलं नसतं.

बातम्यांच्या वाहिन्यांचं दुखणंही इथेच आहे. त्यांचे प्रेक्षक मुळात कमी, त्यामुळे नमुन्यात त्या बघणारी घरं मोजकीच. अशी थोडी घरं जरी कुणी फितवली तरी आकडा हलतो. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा जो गुन्हा नोंदवला त्यात आरोप हाच होता: मीटर असलेल्या घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिन्या चालू ठेवायला लावल्या. त्यानंतर बार्कनं वृत्तवाहिन्यांचे आकडे देणंच थांबवलं, ते थेट मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले, आणि तेही एका आठवड्याचे न देता चार आठवड्यांची सरासरी काढून. खटला मात्र पुढे सरकारनं मागे घेतला. २०२४ मध्ये न्यायालयानं तशी परवानगी दिली.

फितवाफितवी न करताही आकडा फुगवता येतो. सेट-टॉप बॉक्स चालू केल्यावर जी वाहिनी आपोआप समोर येते तिला लँडिंग पेज म्हणतात, आणि ती जागा केबल कंपन्या विकतात. तुम्ही रिमोट शोधेपर्यंत त्या वाहिनीच्या खात्यात तुमची काही सेकंदं जमा झालेली असतात. असे अचानक आलेले फुगवटे गाळून टाकायची पद्धत बार्कनं बसवली आहे, पण वाहिन्या त्या जागेसाठी पैसे मोजतात यावरूनच काय ते समजावं.

मग हे मोजायचं कशासाठी

जाहिरातीसाठी. इतकं साधं उत्तर आहे. वाहिनी जाहिरातदाराला दहा-दहा सेकंदांचा वेळ विकते. त्या दहा सेकंदांत किती डोळे समोर होते हे कुणीतरी तटस्थपणे सांगितलं नाही तर भाव ठरणार कसा? टीआरपी हे त्या सौद्याचं माप आहे. साबणाच्या कंपनीला मालिकेची पटकथा कशी आहे याच्याशी देणंघेणं नसतं. तिला हवी असते घरातली खरेदी करणारी व्यक्ती, तीही मोठ्या संख्येनं आणि रोज त्याच वेळेला. तुम्ही मालिकेला शिव्या घालत बघता की डोळे पुसत, हे मीटरला कळत नाही आणि जाहिरातदाराला कळून घ्यायचंही नसतं.

म्हणून 'टीआरपी खोटा आहे' या तक्रारीशी मी फारसा सहमत नाही. तो आपल्या कामापुरता बरा आहे. चूक आपली होते, सौद्याचं माप आपण गुणपत्रिका म्हणून वाचतो.

सगळीकडे तेच तेच का

पाच वाहिन्या फिरून आलं तरी पाचही ठिकाणी सासू, सून, एक खलनायिका आणि एक गैरसमज. यावर लेखकांकडे कल्पना नाहीत असं म्हणून मोकळं होता येतं, पण पीटर स्टायनर या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं १९५२ मध्ये रेडिओबद्दल जे मांडलं ते अधिक पटण्यासारखं आहे. त्याचा युक्तिवाद आपल्या आकड्यांत मांडू. शंभर प्रेक्षकांपैकी ८५ जणांना कौटुंबिक मालिका हवी आहे, १५ जणांना वेगळं काहीतरी. पहिली वाहिनी अर्थातच कौटुंबिक मालिका लावणार. दुसरीसमोर दोन वाटा आहेत: वेगळं दाखवून १५ मिळवायचे की तेच दाखवून ८५ चे निम्मे. ती तेच दाखवते. तिसरीला तेच केल्यास २८ मिळतात, चौथीला २१, पाचवीला १७. सतरा हे अजूनही पंधरापेक्षा जास्तच! सहावी वाहिनी आली, वाटा १४ वर आला, की मग कुठे त्या पंधरा जणांचा विचार सुरू होतो.

यातलं गमतीचं आणि थोडं टोचणारं तात्पर्य असं की स्पर्धा वाढली म्हणजे विविधता वाढेलच असं नाही. उलट सगळ्या वाहिन्या एकाच मालकाच्या असत्या तर त्यानं स्वतःशीच स्पर्धा केली नसती. एकीवर मालिका लावून दुसरीवर उरलेल्या पंधरांची सोय केली असती. एकट्या दूरदर्शनच्या काळात शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं', साहित्यासाठी 'प्रतिभा आणि प्रतिमा' असे कार्यक्रम एकाच वाहिनीवर नांदत होते त्यामागे ध्येयवाद होताच, पण प्रेक्षक पळून जायला दुसरं दारच नव्हतं हेही होतं. त्या काळाबद्दल गहिवरून बोलताना एवढं विसरू नये. तेव्हाही कंटाळवाणं पुष्कळ होतं. ते आपण विसरलो आणि चांगलं तेवढं लक्षात ठेवलं.

पण इतकं पाणी घालायचं कशाला?

दारावरची बेल वाजते. सासू वळते, कॅमेरा तिच्यावर. सून वळते, कॅमेरा तिच्यावर. मग दीर, जाऊ, मागच्या जिन्यावर उभी असलेली काकू, प्रत्येकाचा चेहरा, प्रत्येकासाठी ढोलाचा एक ठोका. दार उघडत नाही. जाहिराती. परत आल्यावर बेल पुन्हा वाजते, वळणं पुन्हा होतात, आणि दारात दूधवाला.

हे बघून बघणाऱ्याच्या बुद्धीचा अपमान झाल्यासारखं वाटतं खरं. पण ही रचना अर्ध्या लक्षानं बघणाऱ्यासाठी केलेली आहे. संध्याकाळी सात ते दहा या वेळात टीव्ही जितका बघितला जातो तितकाच ऐकला जातो. हात कणकेत आहेत, कुकरची शिट्टी मोजायची आहे, मुलाचा गृहपाठ समोर आहे. अशा माणसाला एखादा संवाद हुकला तरी कथा हातातून सुटू नये म्हणून प्रत्येक गोष्ट तीनदा सांगितली जाते. शिवाय रोजच्या मालिकेला आठवड्याला पाच-सहा भाग द्यावे लागतात. आज शूट झालेला भाग दोन-चार दिवसांत प्रसारित होतो अशी परिस्थिती सर्रास असते. चेहऱ्यांचे क्लोज-अप घ्यायला वेळ कमी लागतो, त्यावर मिनिटं जास्त निघतात. आणि चाललेली मालिका बंद करून नवी आणण्यात जोखीम मोठी, कारण लागलेली सवय मोडली की प्रेक्षक परत येईलच याची खात्री नाही. म्हणून नायिकेची स्मृती जाते, लीप येतो म्हणजे कथा एकदम काही वर्षं पुढे उडी मारते, जुळी बहीण उगवते. माझा राग तेवढा रिकॅपवर आहे. बावीस मिनिटांतली तीन मिनिटं कालच्या भागाला देणं याचं समर्थन मला अजून सापडलेलं नाही.

"लोकांना आवडतं म्हणूनच दाखवतात"

वाहिन्यांचा हा ठरलेला बचाव. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीचे प्रेक्षक-संशोधन पाहणारे पॉल क्लाइन यांनी १९७१ च्या सुमारास एक निरीक्षण मांडलं. माणूस अमुक कार्यक्रम बघायला म्हणून टीव्ही लावत नाही, तो टीव्ही बघायला बसतो. बसल्यावर जे काही लागलेलं आहे त्यातलं सगळ्यात कमी खटकणारं निवडतो. एक टीव्ही आणि पाच माणसं अशा घरात तर हे अधिकच खरं. कुणाचंच आवडतं नसलेलं, पण कुणीच उठून न जाणारं, ते जिंकतं. आवडणं आणि न उठणं यांत केवढं अंतर आहे, आणि मीटरला दोन्ही सारखंच दिसतं.

परिस्थितीही आकडा ठरवते. 'रामायण' २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा दाखवलं गेलं तेव्हा १६ एप्रिलला ७.७ कोटी लोकांनी ते बघितल्याचं दूरदर्शननं जाहीर केलं. मालिकेचं प्रेम त्यात होतंच. पण सगळा देश घरात कोंडलेला होता आणि नव्या मालिकांचं चित्रीकरण ठप्प होतं, हेही त्या आकड्यात मिसळलेलं आहे. वेगळं काढून दाखवता येत नाही इतकंच.

आवड वेगळी मोजता येते का

येते, आणि ब्रिटनमध्ये बीबीसी ती कित्येक दशकं मोजत आली आहे. तिथे बघणाऱ्यांची संख्या एका बाजूला आणि 'ॲप्रिसिएशन इंडेक्स' दुसऱ्या बाजूला. प्रेक्षकांनी बघितलेल्या कार्यक्रमाला दहापैकी गुण द्यायचे, सरासरी काढून तिला दहानं गुणायचं, म्हणजे शंभरपैकी आकडा मिळतो. कमी लोकांनी बघितलेला पण बघणाऱ्यांनी उचलून धरलेला कार्यक्रम यामुळे नजरेत येतो.

यालाही मर्यादा आहेत. गुण तोच देतो ज्यानं बघितलं, आणि बघतो तोच ज्याला विषयाची आवड आहे. पक्षीनिरीक्षणावरच्या कार्यक्रमाला पक्षीप्रेमींनी नव्वद दिले यात नवल काय? लांबलेल्या मालिकांचंही तसंच. पाचशेव्या भागापर्यंत कंटाळलेले सगळे निघून गेलेले असतात. उरलेल्यांना विचारलं तर मालिका उत्तमच आहे. इंटरनेटवर तारे देऊन जी क्रमवारी लागते तिची गत त्याहून वाईट, कारण तिथे भारावलेले आणि भडकलेले एवढेच मत द्यायला जातात. 'ठीक होतं' वाटलेला माणूस तारे द्यायला जातोच कशाला.

टुकार कार्यक्रमाचं मोल असू शकतं?

इथे मामला खरा रंगतो, कारण उत्तर आपल्या अभिरुचीला न मानवणारं आहे.

रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांनी २००१ ते २००३ या काळात भारतातल्या खेड्यांचा अभ्यास केला आणि २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. बिहार, हरियाणा, तमिळनाडू, गोवा आणि दिल्ली इथली गावं त्यात होती. काही गावांत त्या काळात नुकतीच केबल आली, काहींत आधीपासून होती, काहींत आलीच नाही. केबल आलेल्या गावांत बायकोला मारणं योग्य मानणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण घटलं, मुलगाच हवा हा आग्रह कमी झाला, घरातल्या निर्णयांत स्त्रियांचा सहभाग वाढला. लोक बघत काय होते? बहुतांशी करमणूक, आणि त्यातही शहरी कुटुंबांच्या मालिका. समीक्षकांनी ज्यांना नाकं मुरडली त्याच. त्या मालिकांनी उपदेश केला नसेल, पण बाई घराबाहेर पडते, स्वतःचा पैसा बाळगते, मोठ्यांसमोर बोलते हे रोज रात्री दिसत होतं. ब्राझीलमध्ये ग्लोबो वाहिनीच्या मालिका जिथे जिथे पोहोचल्या तिथे जन्मदर कमी झाल्याचं असंच एका संशोधनात आढळलं. त्या मालिकांतली कुटुंबं छोटी असायची.

आता लगेच मालिकांना हार घालायला नको. जेन्सन-ऑस्टर यांच्या निष्कर्षावर रास्त शंका घेता येते: स्त्रियांचं वागणं बदललं की सर्वेक्षणात काय बोलायचं ते कळलं? त्यांनी मुलींच्या शाळाप्रवेशासारख्या गोष्टीही तपासल्या, म्हणून मला तो अभ्यास बऱ्यापैकी भक्कम वाटतो, पण शंका पूर्ण मिटत नाही. शिवाय उलट दिशेचा पुरावाही आहे. इटलीत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उद्योगपती आणि पुढे पंतप्रधान झालेले बर्लुस्कोनी यांच्या मीडियासेट या खासगी वाहिन्यांच्या समूहाचं प्रक्षेपण काही भागांत लवकर पोहोचलं, काहींत उशिरा. तेव्हा त्यावर जवळजवळ नुसती हलकीफुलकी करमणूक असे. जिथे ते लवकर पोहोचलं तिथे पुढे १९९४ पासून बर्लुस्कोनींच्या पक्षाला जास्त मतं पडली, आणि लहानपणी ते बघत वाढलेली मुलं मोठेपणी बौद्धिक चाचण्यांत मागे पडलेली दिसली. बातम्या नव्हत्या, प्रचार नव्हता, तरी हे झालं. अमेरिकेत 'सेसमी स्ट्रीट' हा लहान मुलांचा कार्यक्रम जिथे स्पष्ट दिसत होता तिथली मुलं शाळेत जरा पुढे राहिली हेही दाखवलं गेलंय, पण तो कार्यक्रम शिकवण्यासाठीच बनवलेला होता.

म्हणजे दर्जा कमी असून परिणाम चांगला, करमणूक निरुपद्रवी दिसून परिणाम वाईट, असे सगळे प्रकार सापडतात. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

मग दर्जा ही ज्याच्या त्याच्या आवडीची बाब?

काही अंशी आहे, पण तितकीच नाही. कार्यक्रमानं स्वतः काय करायचं ठरवलंय ते तो किती नीट करतो, हे कारणं देऊन सांगता येतं. विनोदी मालिकेतला विनोद पात्रांच्या स्वभावातून येतो की मागून वाजणाऱ्या हशातून? रहस्यमालिकेत खुनी सापडल्यावर मागचे भाग आठवून सगळे धागे जुळतात, की शेवटच्या आठवड्यात नवंच पात्र आणून त्याच्या माथी खून मारला? चर्चेच्या कार्यक्रमात पाहुण्याला वाक्य पुरं करू दिलं का? बातमीत दाखवलेलं दृश्य त्याच घटनेचं होतं का? अशा प्रश्नांवर दोन माणसांचं मत वेगळं पडलं तरी भांडायला काहीतरी ठोस हातात असतं. खलनायिकेचं काम उत्तम आणि मालिका तिच्या लायकीची नाही, असं एका दमात म्हणण्यात विसंगती काहीच नाही. मराठीत तर ही वेळ वारंवार येते.

ओटीटी आल्यावर हे सगळं जुनं झालं ना?

मोजमाप बारीक झालं. कोणत्या मिनिटाला तुम्ही थांबलात, कुठे पुढे ढकललंत, हे ओटीटी कंपनीला घरात मीटर न बसवता कळतं. पण ते आकडे तिच्या तिजोरीत असतात. तिसरा कुणी तपासत नाही. नेटफ्लिक्सनं डिसेंबर २०२३ पासून दर सहामाहीची यादी प्रसिद्ध करायला सुरुवात केली, त्यात एकूण किती तास बघितलं गेलं ते दिलेलं असतं. नुसत्या तासांवर क्रम लावला तर दहा तासांची मालिका दीड तासाच्या चित्रपटाला सहज मागे टाकते, म्हणून त्यांनी तासांना लांबीनं भागून 'व्ह्यूज' काढायला घेतले. भक्त आणि वाटसरू इथेही एकाच रांगेत उभे आहेत.

राहता राहिला तक्रारीचा मार्ग. २०२१ च्या नियमांनुसार प्रेक्षकाला आधी वाहिनीकडे, मग वाहिन्यांच्या स्वनियमन मंडळाकडे आणि शेवटी केंद्र सरकारच्या समितीकडे तक्रार करता येते. अश्लीलता, हिंसा, धार्मिक तेढ, चुकीची माहिती यांसाठी तिथे दाद मागता येते. कथानक सहा महिने एकाच जिन्यावर अडकलंय, यासाठी तिथे रकाना नाही.